हाक मारता येईल असं नाव

काशीने लेकीला पाळण्यात घालायला साफ नकार दिला. बारशाला जमलेल्या बायका खोळंबल्या, घुगऱ्या निवल्या, पण ही बाई पोर मांडीवर घेऊन बसली ती बसलीच.

भांडण नावाचे होते. सासू ठमाबाईच्या स्वप्नात तिची स्वतःची सासू आली होती, म्हणून नातीला त्या म्हातारीचेच नाव द्यायचे, सखुबाई, असे घरात ठरून गेले होते. काशीला हवे होते कोकिळा. बोर्ली पंचतनच्या बाजारात कुणी बाई आपल्या पोरीला त्या नावाने हाक मारत होती. तेव्हापासून ते नाव काशीच्या मनात घर करून बसले होते.

"कोकिळा? ती मेली अंडी घालते कावळ्याच्या घरी! असलं नाव ठेवतात व्हय?" एकीने नाक मुरडले.

"आन् शेन गोळा करताना काय म्हनायचं? कोकिळे, पाटी उचल?" दुसरी म्हणाली, तशा सगळ्या खदखदून हसल्या.

काशी हसली नाही. थोरल्या मुलाच्या बारशाला ती गप्प बसली होती आणि त्याची शिक्षा रोज भोगत होती. त्याला मेलेल्या सासऱ्याचे नाव दिलेले, बाळाजी. सासऱ्याचे नाव सुनेने घ्यायचे म्हणजे पाप! पोटच्या पोराला ती नुसते "अरे" म्हणे. मागे एकदा भरतीच्या वेळी तो खाडीत शिरला. ती काठावरून "अरे, अरे" म्हणून ओरडली, आणि वळून पाहिले ते भलत्याच पोरांनी. एका कोळ्याने ओढून काढला म्हणून वाचला.

"आये," ती सासूला म्हणाली, "तुमी म्हनाल तेच नाव ठेवू. पन आधी तुमी नातीला त्या नावानं एकदा हाक मारा."

ठमाबाई तरातरा पुढे आली. तिने तोंड उघडले. सासूचे जे नाव जन्मात जिभेवर आले नव्हते ते आता कुठून येणार? तिने पुन्हा जोर केला, पण नाव काही बाहेर पडेना. ठमाबाई मटकन खाली बसली.

"माझा पयला पोर," ती हळूच म्हणाली, "त्याला मामंजींचं नाव होतं. मानमोडीच्या साथीत तापानं गेला. डोळे मिटताना बी मी त्याला नावानं हाक न्हाय मारली. पोरा, पोरा करीत बसले."

मग पदराने डोळे पुसून ती आपल्या लेकीला, म्हणजे बाळाच्या आत्याला म्हणाली, "रतन, सांग कानात. कोकिळा."

काशीने लेकीला पाळण्यात ठेवले, रतनने कानात नाव सांगितले, आणि बायकांनी रिवाजाप्रमाणे रतनच्या पाठीत धपाटे घातले.

थोरला दारात उभा राहून सगळे बघत होता. ठमाबाईने घुगऱ्यांची मूठ भरली आणि भर बायकांत, उखाण्याबिखाण्याशिवाय, नवऱ्याचे नाव घेतले.

"बाळाजी, ये, घुगऱ्या खा."

पोराने मागे वळून पाहिले. आजी कुणाला बोलावते आहे तेच त्याला कळेना.

"तुलाच रे," काशी म्हणाली, आणि पुढचा शब्द तिने साऱ्या वाडीला ऐकू जाईल असा खणखणीत उच्चारला. "बाळाजी!"