मऊ शिशाची गोळी

निजामाच्या राज्यात फसली १३४८ च्या पौषात, म्हणजे इंग्रजी १९३८-३९ च्या हिवाळ्यात, शाळू हुरड्यावर आला आणि रानडुकरं शिवारात उतरली. वालूरपासून दोन कोसांवरचं गाव. ओढ्याच्या दोन्ही अंगांना बाभळीचं दाट बन आणि बनाला खेटून काळ्या रानातले शाळू. कळप आला की एकरभर धाटं सकाळी आडवी दिसायची.

आश्रुबा सकाळीच शेतावर गेला होता. धाटांत खसफस झाली म्हणून काठी आपटत पुढं गेला, तर समोर एकटा फिरणारा मोठा नर. पळायला सवडच मिळाली नाही. सुळ्यानं मांडी गुडघ्यापासून वर वीतभर फाडली. शेजाऱ्यांनी त्याला बाजेवर घालून घरी आणलं. त्याची थोरली बहीण बायनाबाई विधवा होऊन माहेरी आलेली आणि भावासोबत शेत करणारी. तिनं रक्त दाबून धरलं, वालूरच्या वैद्याला बोलावणं धाडलं आणि टाके पडेपर्यंत भावाचं डोकं मांडीवरून हलू दिलं नाही.

"आक्का, पाय ऱ्हातो का गं?" आश्रुबानं विचारलं.

"ऱ्हातो. तू गप पड."

गावात बंदूक एकच होती, आबासाहेब देशमुखांची. आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून काळी दारू ओतायची, वर कापडात गुंडाळलेली गोळी गजानं ठासायची, घोड्याखाली ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. आबासाहेबांनी चार दिवसांत पाच बार काढले होते. एकही लागला नव्हता. शेवटच्या वेळी डुक्कर वीस पावलांवरून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी बायनाबाई देशमुखांच्या ओसरीवर गेली. तिचा बाप लिंबाजी वीस वर्षं याच बंदुकीची निगा राखायचा. आठव्या वर्षापासून बायना त्याच्यासाठी शिसं वितळवायची. हे आबासाहेबांना ठाऊक होतं. दोघं एकाच वयाची.

ओसरीवर दत्तोपंत मास्तरही बसले होते. वालूरच्या शाळेत शिकवायचे. शिकारीवरचं एक पुस्तक त्यांनी वाचलं होतं आणि आबासाहेबांच्या गोळ्या त्यांच्याच सल्ल्यानं ओतलेल्या होत्या.

"बंदूक दाखवा," बायनाबाई म्हणाली.

"पाहून काय करतीस बायना? नळीच झिजली तिची."

तिनं गजाला ओलं फडकं गुंडाळून नळीतून चारदा फिरवलं. काळा राप निघाला. मग करंगळी नळीच्या तोंडात घालून आतल्या मुरडत गेलेल्या खाचा चाचपल्या.

"नळी चांगली हाय. खाचा जशाच्या तशा हायेत. गोळी बघू."

आबासाहेबांनी बटव्यातली गोळी तिच्या हातावर ठेवली. बायनाबाईनं अंगठ्याचं नख तिच्यावर जोरात ओढलं. ओरखडा उठला नाही.

"हे कुठलं शिसं?"

"छापखान्यातली मोडकी अक्षरं वितळवली," दत्तोपंत म्हणाले. "मुद्दाम. बाई, कठीण गोळी जास्त आत घुसते."

"आत घुसंल, पण आधी लागाया पायजे की मास्तर. ही बसवताना गजावर दगड मारावा लागला आसंल."

आबासाहेबांनी मास्तरांकडं पाहिलं. दगड मारला होता खरा.

"तितंच घोळ हाय," बायनाबाई म्हणाली. "गोळीनं कापड धरायचं, कापडानं खाच धरायची, तवा गोळी गरगरत सरळ जाती. ही दबतच न्हाई. ठोकली की कापड फाटतं आन् गोळी वाटंल तिकडं जाती. दारू किती घातली व्हती?"

"दीड माप. जनावर मोठं हाय म्हणून."

"एक दीस द्या मला. दारू द्या, साचा द्या. शिसं मी आणते."

शिसं तिनं ओढ्यावरच्या भोयांकडून आणलं. जाळ्याच्या कडेला बांधायचे जुने मणी. एकेका मण्यावर नख ओढून तिनं ते पारखून घेतले. चुलीवर लोखंडी पळीत ते वितळले, तेव्हा वरचा मळ काढून तिनं साच्यात ओतायला सुरुवात केली. पहिल्या तीन-चार गोळ्या सुरकुतलेल्या निघाल्या. साचा थंड होता. त्या तिनं परत पळीत टाकल्या. साचा तापला तशा गोळ्या गुळगुळीत, चकचकीत पडू लागल्या. मग पितळी परात घेऊन ती एकेक गोळी तिच्यावर गडगडवू लागली. जी लटपटत वळण घेई, तिच्या पोटात पोकळी, ती बाजूला. विसांतल्या नऊ तिनं ठेवल्या.

दत्तोपंत सगळं पाहत उभे होते. "पुस्तकात हे नव्हतं," ते हळूच म्हणाले.

दुपारी बांधावर पन्नास पावलांवर फळी उभी केली, तिच्यावर चुन्याचा ठिपका दिला. बायनाबाईनं पहिला बार एक माप दारूचा आणि धोतराच्या कापडाचा भरला. मेण आणि एरंडेल चोळलेल्या कापडावर गोळी ठेवून अंगठ्यानं दाबली. गजानं ती न ठोकता खाली गेली. बंदूक खांद्याला लावून तिनं चाप ओढला. धूर विरल्यावर ती फळीकडं न जाता पुढच्या गवतात वाकून काहीतरी शोधू लागली.

"काय हुडकायलीस?" आबासाहेबांनी विचारलं.

तिनं कापडाचा तुकडा उचलून दाखवला. करपून भोकं पडलेला. "कापड पातळ हाय, आन् दारू अजून जास्त."

तिनं जाड मांजरपाट घेतलं, दारू पाऊण मापावर आणली. या वेळी गवतात सापडलेला तुकडा अख्खा होता. फक्त मध्ये काळा गोल डाग. पुढच्या तीन गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या, ठिपक्याच्या चार बोटं डावीकडं.

"चार बोटं उजवीकडं धरा," असं सांगून तिनं बंदूक आबासाहेबांच्या हातात दिली.

आबासाहेबांनी दोन बार काढले. एक फळीच्या वरून गेला, दुसरा मातीत. भोवती माणसं जमली होती. बायनाबाई जवळ गेली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आबासाहेब, राग येऊ देऊ नगा. टोपी फुटायच्या आधी तुमी डोळे मिटायलाव."

आबासाहेब लाल झाले. मग त्यांनी बंदूक तिच्यापुढं धरली.

"मंग तूच मार."

"मी फळीच मारली हाय आजवर. जनावर न्हाई."

"मी भाला घेऊन शेजारी उभा ऱ्हातो."

आता दोनच गोळ्या उरल्या होत्या. तिसऱ्या प्रहरी माणसांनी बनाच्या पलीकडून डबे बडवत डुकरांना हाकारा घातला. बन जिथं संपतं तिथल्या बांधाआड बायनाबाई बसली. एक गोळी भरलेली, दुसरी कमरेला. पहिल्यांदा मादी आली, मागं पाच पिलं. तिनं त्यांना जाऊ दिलं. मग बाभळी हलल्या आणि नर बाहेर आला. खांद्यावरचे केस ताठ. तो थांबला, मान वळवली आणि सरळ बांधाकडं धावला.

त्या क्षणी तिला गोळीची काळजी नव्हती. कापड, दारू, नळी, सगळं तिनं पारखलं होतं. काळजी स्वतःच्या हाताची होती. तिनं श्वास रोखला, चार बोटं उजवीकडं धरली आणि चाप ओढला.

पांढऱ्या धुरानं समोरचं सगळं झाकलं. काही दिसेना. आबासाहेब भाला रोखून तिच्यापुढं झाले. तिनं दुसऱ्या गोळीसाठी कमरेला हात घातला. मग वारा आला. डुक्कर आठ पावलांवर कुशीवर पडलं होतं. एक पाय दोनदा झाडला आणि थांबला. गोळी मानेच्या मुळाशी बरोबर बसली होती.

"पाणी द्या कुणी," बायनाबाई म्हणाली.

चार दिवसांनी पोलिसांचे अमीन चौकशीला आले. परवाना आबासाहेबांच्या नावचा होता. बार कुणी काढला, असं त्यांनी विचारलं. आबासाहेबांनी 'मी' म्हटलं असतं तर काम सोपं होतं.

"ह्या बाईनं," आबासाहेब म्हणाले. "माझ्या समोर, माझ्या हुकमानं. मला जमत नव्हतं."

अमीनसाहेबांनी तिच्याकडं नीट पाहिलं, समज देऊन कागदावर तसंच लिहिलं आणि चहा घेऊन निघून गेले.

आश्रुबा फाल्गुनात काठी टेकत खळ्यावर आला. त्याच सुमारास मानवतकडच्या एका पाटलानं आपली जुनी बंदूक गाडीत घालून बायनाबाईकडं पाठवली. सोबत दत्तोपंत होते. त्यांनी वहीत बायनाबाईचं सगळं माप लिहून आणलं होतं.

"पाऊण माप आणि मांजरपाट, नाही का?"

"ते त्या बंदुकीचं, मास्तर," बायनाबाई हात पुसत म्हणाली. "हिला काय मानवतं ते हिलाच इचारावं लागंल. फळी उभी करा."