मागचं कपाट

बेडरूमला आतून कडी लावून, कपाटाकडे पाठ करून मी लॅपटॉपसमोर बसले. लेकीने शाळेची डायरी हरवली म्हणून नुकतंच मी घर डोक्यावर घेतलं होतं. ते काही मी व्हिडिओ कॉलवरच्या समुपदेशक ताईंना सांगितलं नाही. आमचा विषय माझे बाबा हा होता.

"त्यांच्या स्कूटरचा आवाज आला की मी कपाटात शिरायचे आणि रडणं ऐकू जाऊ नये म्हणून स्वेटरची बाही तोंडात कोंबायचे. माझ्या लेकीवर ही वेळ मी येऊ देणार नाही."

ताई माझ्या खांद्यावरून मागे बघत होत्या.

"खोलीत तुम्ही एकट्याच आहात ना?"

"कडी लावलीय म्हटलं ना!" मी फणकारले.

"मग तुमच्या मागचं कपाटाचं दार आत्ता आतून कोणी ओढून घेतलं?"

नवरा तर ऑफिसात होता. उठून मी कपाटाचं दार उघडलं.

लटकत्या कपड्यांखाली माझी सात वर्षांची लेक अंग चोरून बसली होती. तोंडात स्वेटरची बाही होती. मला पाहताच तिने ती आणखी आत कोंबली.