शीतलबाबांचा कमंडलू

मुलांनो, जरा डोळे मिटा. काहिलीत उसाचा रस उकळतोय, खाली चुलाणात चिपाडं धडधडतायत आणि गडमुडशिंगीच्या जोतीरामच्या गुऱ्हाळावर निम्मा गाव चवड्यांवर उभा आहे. मधोमध शीतलबाबा बसलेत. पुढ्यात खोल परात, परातीत पाच पेटते दिवे.

बाबांनी कमंडलूत लिंबू पिळलं. कुणाला कळू नयेत इतक्या वेगानं मंत्र म्हटले आणि कमंडलू परातीवर अलगद कलता केला. थेंब पडला नाही, फुंकर मारली नाही, तरी पाचही दिवे विझले. गर्दीतल्या धोंडुबाईनं तिथंच लोटांगण घातलं.

"अग्नी आमचा घरगडी हाय," बाबा मिशीत हसले. गडी राबत होता, पगार बाबा घेत होते.

यज्ञेश्वर कडेला घाम पुसत होता. आग विझवायची साधनं विकणाऱ्या कोल्हापुरातल्या एका दुकानात तो नुकताच नोकरीला लागला होता. चिपाडाची गंजी मजुरांच्या खोपटांना चिकटलेली, आत त्यांची तान्ही पोरं झोपलेली. एक ठिणगी पुरे होती. सकाळपासून तो जोतीरामला हेच सांगत होता.

"पावणं, तुमचं लाल नळकांडं घिऊन जावा," जोतीराम म्हणाला. "बाबांनी गुऱ्हाळाला बंधन घातलंय. आता आग लागत न्हाय."

यज्ञेश्वर नळकांडं उचलून निघणार, तेवढ्यात जोतीरामची दहा वर्षांची लेक बया बोलली, "आप्पा, मंत्र चालू हुता तवा कमंडलू फसफसला की. काहिलीत सोडा टाकल्यावर फसफसतंय, तसंच."

यज्ञेश्वर थबकला. त्याच्या नळकांड्यातही सोडाच होता. त्यात आम्ल मिसळलं की वायू तयार होतो आणि पाणी जोरात बाहेर फेकतो, हे त्याला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. त्यानं बयाला तांब्या, खायचा सोडा आणि लिंबू आणायला सांगितलं. तिनं तांब्यात सोडा टाकून त्यावर लिंबू पिळलं, फेस बसू दिला आणि पुन्हा पेटवलेल्या दिव्यांवर तांब्या कलता केला. पाचही विझले. मंत्र म्हणायची वेळच आली नाही, नाहीतर तिला साताचा पाढा येत होता.

यज्ञेश्वरनं समजावलं की बाबांच्या कमंडलूतही आधीच सोडा होता; लिंबू पडल्यावर निघणारा हा वायू दिसत नाही, पण हवेपेक्षा जड असतो. खोल परातीत तो साचतो, ज्योतीजवळची हवा बाजूला सारतो, म्हणून दिवा विझतो.

"मग हे चुलाण इझवून दावा की, बाबा," बया म्हणाली.

बाबांना एकाएकी गारगोटी गावचा कुणी भक्त आठवला. ते निघाले ते मागं वळून न बघता.

बाळांनो, दिवे विझले हे खरंच होतं. खोटं होतं ते बाबांनी सांगितलेलं कारण. म्हणून डोळ्यांनी पाहिलं तरी कारण आपलं आपण शोधायचं, आणि आगीचा बंदोबस्त हातांनी करायचा.

जोतीराम मान खाली घालून उभा होता. बयानं त्याची वाट पाहिली नाही. ती गंजीपाशी गेली, पदराएवढी ओढणी कमरेला खोचली आणि खोपटाला टेकलेला चिपाडाचा पहिला भारा ओढत लांब न्यायला लागली.