मरू नये असा छर्रा

शिकारीची अनुज्ञा शास्त्रांनी मर्यादांसह दिली आहे. परंतु ज्याच्यासोबत आपण एका ताटात जेवतो, त्याच्यावर विचारल्यावाचून संशय घेण्याची अनुज्ञा कोणत्याही शास्त्रात आढळत नाही. तुळशीदास सुताराला हे ठाऊक होते. तरीही, १९९८ सालच्या त्या हिवाळ्यात त्याचे मन गढूळले.

कुवेतमधल्या अम्गऱ्याच्या लाकडाच्या वखारीत राबणारा तुळशीदास आणि एका कुवेती घराचा ड्रायव्हर झहूर, दोघेही गुहागरकडचे, खैतानमधल्या एका खोलीत राहत. तुळशीदास रोज सकाळी गच्चीवर होला पक्ष्यांना तांदूळ टाकी. त्यांतली एक जोडी निर्भयपणे त्याच्या हातापाशी येई. घरापासून दूर त्याचे तेवढेच गणगोत.

एके दिवशी झहूरने विचारले, "दादा, गावी तू शिकारीला जायचास ना? एअरगनला साडेचार मिलिमीटरचा छर्रा बरा, की साडेपाचचा? जनावर पडलं पाहिजे, पण मरता कामा नये."

"कसलं जनावर?"

"आहे आपलं लहानसं," म्हणून झहूरने विषय बदलला.

दुसऱ्या सकाळी जोडीतला नर आला नाही. अंथरूण झटकताना झहूरच्या उशीखाली साडेचारच्या छऱ्यांची डबी सापडली. बारीक छर्रा, गच्चीवरच्या जवळच्या निशाण्याला अगदी योग्य! संध्याकाळी झहूरने रश्श्याचे पातेले पुढे सरकवले, तेव्हा तुळशीदासाच्या हातातला खुबूस रोटीचा तुकडा तसाच राहिला.

"हे मांस कशाचं?"

"कोंबडीचं. उंट एवढ्याशा पातेल्यात मावतो होय?"

"माझा होला कुठे आहे, झहूर?"

झहूरचे हसू मावळले. "माझ्यावर संशय, दादा? वर टाकीमागे अंडी आहेत, त्यांवर बसतो तो. दिवसा नर बसतो, रात्री मादी. वारा लागू नये म्हणून मीच पुठ्ठा लावलाय."

तुळशीदास उठला, गच्चीवर गेला, टाकीमागे जोडी पाहिली आणि मान खाली घालून परतला.

"मग छर्रे कशाला?"

"माझा मालक, कफील, शुक्रवारी वाळवंटात सशाच्या शिकारीला नेतोय. मी कोकणातला शिकारी, अशी थाप मारून बसलो. तुला कसं सांगू? छऱ्यानं मेलेलं आम्हाला चालत नाही. जीव असताना अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवावी लागते. म्हटलं, बारीक छऱ्यानं जीव टिकेल."

"अरे मेल्या, बारीक छर्रा आरपार जातो! ससा पळतो आणि झुडपात तडफडत मरतो. ना तुझ्या सुरीला मिळतो, ना त्याची सुटका. साडेपाचचा घे, जागीच आडवा करील. पण अगदी जवळ गेल्याशिवाय घोडा ओढू नकोस, आणि पडला की सुरी घेऊन धाव."

"आणि नेम चुकला तर?"

"तर ससा वाचला. त्यात वाईट काय?"

झहूर हसला. तुळशीदासाने खुबूसचा तुकडा रश्श्यात बुडवला आणि पहिला घास झहूरच्या हातावर ठेवला.

ज्याने संशय घेतला आणि ज्याने तो पोटात घातला, त्या दोघांचे अन्न एकाच ताटात राहो. टाकीमागच्या अंड्यांना पंख फुटोत. आणि वाळवंटातल्या त्या सशाच्या वाट्याला, काहीही आले तरी, यातना न येवोत.