पाच मिनिटांचं कुलूप

मी डिस्प्ले सर्व्हर बोलतोय. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका, काम साधं आहे माझं. कम्प्युटरच्या स्क्रीनवर तुम्हाला जे जे दिसतं ते मी मांडतो. तुम्ही कीबोर्ड बडवता, माउस फिरवता, तेही आधी माझ्याकडे येतं आणि मग मी ज्याचं त्याला पोचवतो.

बारा वर्षांपूर्वी या कम्प्युटरबरोबरच मी या ऑफिसात आलो. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बायकांना इथे मदत मिळते. बाहेर बाकं, आत ताईंचं टेबल. बायकांचं सगळं ऐकून घ्यायचं, हे ताईंचं काम. त्या माझ्याशीही बोलतात. स्क्रीन जरा अडकली की "अरे बाबा, हल ना आता!" म्हणून माउस आपटतात. बरं चाललं होतं आमचं.

पण माझं वय झालं होतं. नवी मोठी स्क्रीन जोडली तर एकीकडे अक्षरं मुंगीएवढी, दुसरीकडे भोपळ्याएवढी. ते हसण्यावारी नेता आलं असतं हो. माझ्यात एक वाईट खोड होती, आणि ती कम्प्युटर बघायला येणाऱ्या दादाने ओळखली होती.

"बाई, याला अपग्रेड करू या," तो ऑफिसच्या मोठ्या बाईंना म्हणाला. "पाच मिनिटं कुणी हात लावला नाही की स्क्रीन लॉक होते ना? त्या लॉकला आधी याच्याकडून कीबोर्ड आणि माउस मागून घ्यावे लागतात. एखादा मेन्यू उघडा राहिला, तर हा दोन्ही मेन्यूलाच देऊन बसतो. मग लॉक लागतच नाही. नव्यात असं होत नाही."

"किती वेळ लागेल?"

"अर्धा दिवस बंद ठेवावं लागेल."

"अर्धा दिवस? बाहेर बघ, बाकं कशी भरलीत! कुणाला परत पाठवू? पुढच्या महिन्यात बघू."

त्यांचंही काही खोटं नव्हतं. तो पुढचा महिना दोन वर्षं येतच राहिला. आणि खरं सांगू? मला तेव्हा बरंच वाटलं. जायची हौस कुणाला असते?

त्या मंगळवारी सकाळी ताई शाळेला पत्र लिहीत होत्या. आठ वर्षांच्या एका मुलीला प्रवेश हवा होता. तिची आई तीन आठवड्यांपूर्वी तिला घेऊन नव्या खोलीत राहायला गेली होती, आणि तो पत्ता तिच्या नवऱ्याला कळू नये म्हणून सगळी धडपड चालली होती. ताईंनी पत्त्यावर माउस नेला, उजवं बटण दाबलं, कॉपीचा मेन्यू उघडला. एवढ्यात बाहेर धप्पकन आवाज झाला. बाकावरून कुणाचं तरी तान्हं बाळ पडलं होतं. ताई तशाच धावल्या, बाळाला घेऊन दवाखान्यात गेल्या. लॉक आपोआप लागतं, हा त्यांचा भरवसा.

पाच मिनिटं झाली. लॉक आलं. "दे कीबोर्ड." मेन्यू सोडेना, आणि त्याच्याकडून हिसकावून घ्यायची माझी घडणच नाही. लॉकने पुन्हा मागितलं, पुन्हा मागितलं, आणि गप्प निघून गेलं.

मग दारातून एक माणूस डोकावला. इस्त्रीचा शर्ट, हातात बाहुली. "ताई, येऊ का?" आवाज असा मऊ, की कुणालाही दया यावी. त्या मुलीचा बाप होता तो; दर खेपेला तिच्यासाठी बाहुली घेऊनच यायचा. त्याला दुपारी बोलणी करायला बोलावलं होतं, तो सकाळीच आला होता. उत्तर आलं नाही तसा टेबलाला वळसा घालून तो माझ्यासमोर उभा राहिला. मला दाखवता येतं, झाकता येत नाही. त्याने बायकोचं नाव वाचलं, पत्ता वाचला, मोबाईल काढून फोटो घेतला. बाहुली टेबलावर टाकली आणि चालता झाला.

ताई परतल्या. बाहुली पाहिली, उघडी स्क्रीन पाहिली. "अगं बाई!" लगेच मुलीच्या आईला फोन लावला. "ऐक, काही विचारू नकोस. पोरीला घे आणि निघ. आत्ता. सामान राहू दे!"

त्या दोघी निसटल्या. वीस मिनिटांनी त्याने त्या खोलीचं दार लाथेने मोडलं. संध्याकाळी मोठ्या बाई माझ्यासमोर डोकं धरून बसल्या होत्या. "मी अर्धा दिवस वाचवत बसले," एवढंच म्हणाल्या.

काल त्या मुलीच्या आईचा फोन आला.

"नवा पत्ता सांगतेस? कुठे लिहिणार नाही, लक्षात ठेवते," ताई म्हणाल्या.

"नको ताई. राग नाही तुमच्यावर. पण आता कुणालाच नाही सांगणार."

म्हणजे उद्या तिच्यावर काही बेतलं, तर धावून कुठे जायचं, हे आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नाही. ताई फोन हातात धरून कितीतरी वेळ रडल्या, आणि त्यांचे हुंदके ऐकत मी त्यांनी पुन्हा उघडलेलं शाळेचं ते अर्धवट पत्र दाखवत राहिलो.

दारावर चिठ्ठी लागली आहे, उद्या दुपारपर्यंत ऑफिस बंद. दादा मला काढून नव्याला बसवणार. मंडळी, तुमच्याही टेबलावर माझ्यासारखा कुणी म्हातारा असेल, तर त्याची कीव करू नका, त्याला वेळेवर निरोप द्या. माझा निरोप दोन वर्षं लांबला. दादा, उद्या तरी उशीर करू नका.