मागच्या खोलीतला जॅक

“माह्या खोलीत काहून?” माणिकबाईनं दारातूनच विचारलं.

बशीर वायरमन स्टुलावर चढून भिंतीवर पेन्सिलीनं चौकोन आखत होता, पलंगाच्या अगदी समोर, छताच्या जरा खाली. हात न थांबवता तो म्हणाला, “नेटचा जॅक बसवून राहिलो, मावशी. इथपर्यंत वायफाय पोचत नाई ना, म्हणून हॉलमधून वायर आणली.”

“पण मले कायले पायजे नेट? माह्याजवळ बटनाचा फोन हाये.”

“ते वहिनीले विचारा,” म्हणत बशीरनं नजर खाली वळवून छिन्नी शोधायला घेतली. छिन्नी तर त्याच्या खिशातच होती.

माणिकबाईनं अर्धा जन्म तिवशाच्या बाजारात भाजी विकली होती. नजर चुकवणारं गिऱ्हाईक तिला लांबूनच ओळखू यायचं. विहीर आटली, मळा विकला आणि ती अमरावतीला लेकाकडे, धर्मेंद्रकडे राहायला आली, तरी ती सवय काही सुटली नव्हती. आणि पंधरवड्यापासून या घरात सगळेच नजर चुकवत होते. मंजुषा, तिची सून, फोन आला की गच्चीवर जायची. धर्मेंद्रचं तिवशाला बी-बियाण्यांचं दुकान. तो भरदुपारीच घरी यायचा आणि माय दिसली की खोलीचं दार लोटायचा. परवा तर कोणी अनोळखी माणूस टेप घेऊन आला, घरातली सगळी कपाटं मोजून गेला. माणिकबाईच्या खोलीत मात्र त्यानं डोकावलंसुद्धा नाही.

हॉलमधून बोलणं ऐकू आलं. बशीरनं मंजुषापुढे जॅकवर बसवायच्या दोन प्लेटा धरल्या होत्या.

“ही साधी, हिचं तोंड उघडं राह्यते. अन् ही झाकणाची. पिन काढली का झाकण आपोआप पडते, धूळ जात नाई.”

“झाकणाचीच लावा,” मंजुषा म्हणाली. “इथी रोज पुसाले कोण राह्यणार हाये?”

माणिकबाई दाराशीच थांबली. घर तर मंजुषाच रोज पुसायची. म्हणजे पंधरा दिवसांची शंका खरी, ही खोली बंद पडणार. आपल्याला शेंदूरजन्याला, बहिणीच्या दारात नेऊन टाकायचं ठरलं आहे, आणि मग इथे धर्मेंद्रचं ऑफिस होणार.

ती आत गेली आणि पलंगावर पाय वर घेऊन बसली.

“मावशी, पलंग जरासा सरकवा लागन,” बशीर म्हणाला.

“नाई सरकत.”

“वरून मलबा पडन ना अंगावर!”

“पडू दे. माह्या लेकाले बोलाव.”

धर्मेंद्र आला तेव्हाही ती तशीच बसली होती. मंजुषा दाराशी उभी होती, बशीर छिन्नी हातात घेऊन भिंतीशी.

“मले शेंदूरजन्याले पाठवून राहिला ना? सरळ सांग,” माणिकबाई म्हणाली. “लपवून काहून ठेवता? आपल्या हातानं गाठोडं बांधतो मी.”

धर्मेंद्र पलंगाच्या कडेला टेकला.

“तू कुठीच चालली नाई, माय. आमी चाललो.”

“कुठी?”

“हैदराबादले. बियाण्याच्या कंपनीच्या गोदामात काम भेटलं. दुकानात आता काय राह्यलं? पाणी नाई तर बी कोण नेईन? जे गिऱ्हाईक होते त्यातल्या कित्येकांनी शेतीच सोडली.” त्यानं भिंतीवरच्या चौकोनाकडे बोट केलं. “तिथी सध्या एकच खोली हाये. जम बसला का तुले नेतो. तवर इथी क्यामेरा लावतो, रोज दिसशीन तू आमाले. मधातच बंद नाई पडला पायजे, म्हणून वायर टाकून राहिलो.”

घराबाहेर काढल्यावर काय काय ऐकवायचं, ते माणिकबाईनं पंधरा दिवस मनात घोळवलं होतं. त्यातला एक शब्दही आता कामाचा नव्हता. कपाटं मोजणारा माणूस सामान हलवणारा होता, आणि तिच्या खोलीत तो का आला नाही, ते तिला आत्ता कळलं.

“हे आधी नाई सांगता आलं?”

“तोंड नाई उघडलं, माय.”

मंजुषा पदरात तोंड लपवून रडत होती. माणिकबाईनं तिच्याकडे पाहिलं. तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण ती हलली नाही. मग पाय खाली सोडत तिनं बशीरला विचारलं, “क्यामेरा पलंगाकडेच कायले?”

“रातचं तुमाले काही झालं तर…” मंजुषा कसंबसं बोलली.

“झोपलेली म्हातारी काय पाह्यची? जीव घाबरा होईन तुमचाच.” ती उठली. “चाल बशीरभाऊ, सयपाकघरात लाव.”

“वायर पुरन, मावशी. पण ओट्याच्या वर नाई. फोडणीच्या तेलानं जॅक खराब होते.”

“मग दाराच्या वर लाव. ओटा दिसला पायजे.”

बशीरनं भिंत कोरून डबी बसवली, वायरीच्या रंगीत तारा जॅकच्या खाचांत एकेक करून दाबल्या, प्लेट आवळली. टेस्टरचे दिवे ओळीनं हिरवे लागले. त्यानं फडक्यानं धूळ पुसली आणि स्टूल उचललं.

माणिकबाई ओट्याला पाठ लावून उभी राहिली. तिनं केस नीट केले, पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि त्या पांढऱ्या प्लेटकडे पाहिलं.

“अजून क्यामेरा लागाचा हाये, मावशी,” बशीर हळूच म्हणाला.

“मालूम हाये,” ती म्हणाली, आणि तशीच उभी राहिली.