मारोतरावांच्या नावची नोटीस

विणकरांच्या तांडापेठेत वच्छलाबाईच्या घरी भर दुपारी माग चालायचा. चालवणारा तिचा नवरा मारोतराव जाऊन तेरा महिने झाले होते. लुगडं निम्मं विणून झालं होतं आणि आडवं सूत नेणारा धोटा हातात असतानाच तो, पाय सोडून बसायच्या मागाच्या खड्ड्यात कलंडला. यमाला नोटीस लागत नाही, असं कीर्तनात बुवा म्हणायचे आणि सभा हसायची. वच्छलाबाईला त्यानंतर त्या वाक्याला हसू आलं नाही.

त्यांच्या कुळात एक दंडक होता. विणकऱ्याचं अर्धं राहिलेलं लुगडं कापून उतरवायचं नाही. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, कापला की गेलेला माणूस वाटेतच अडकतो. ते पुरं करायचं घरातल्याच हातानं. पण पोटी मूल नव्हतं, दीर नव्हता, आणि घरच्या बायका सुताच्या कांड्या भरत, मागावर बसत नसत. म्हणून ताणा तसाच राहिला, आणि रोज बाराच्या सुमारास मागघराच्या बंद दाराआड पायाखालची पावडी दबायची, धोटा पळायचा. वच्छलाबाई भाकरी थापता थापता ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणायची. भीती वाटे, पण भीतीहून आधार मोठा. म्हणूनच धनी गेल्याचं तिनं कुठल्या कचेरीत कळवलं नव्हतं. घर आणि विजेचं मीटर अजून त्याच्याच नावावर होतं.

चैत्रात शारदा वीज कंपनीचा कागद आला. शेजारचे नानाजी मास्तर. त्यांनी वाचून दाखवला. मागच्या गल्लीची तार मागघराच्या भिंतीतून न्यायची आहे, माग हलवावा लागेल, तरी मंगळवारी दुपारी बाराला मालक मारोतराव यांनी स्वतः हजर राहावं.

माग हलवायचा म्हणजे ताणा कापायचा.  नानाजींनी धीर दिला की, घरच्यांनी हरकत घेतली तर कंपनीला उंबरठा ओलांडता येत नाही, तिनं फक्त नाही म्हणायचं.

मंगळवारी कंपनीचे केशवराव आणि तारवाला बाबूलाल दारात आले. तिनं नाही म्हटलं. केशवराव सज्जन माणूस. त्यांनी सबुरीनं सांगितलं की घर ज्याच्या नावावर, हरकत त्याचीच लिहिता येते, तो हयात नसेल तर तिथं राहणाऱ्याची. मालकांना बोलवा.

तेवढ्यात आत खट् खट् सुरू झालं.

“अंदर तर काम चालू हाय,” बाबूलाल हसला. “भाऊ माह्या बायकोसारखेच दिसते. आयकते सारं, पन ओ देत नाही.”

केशवरावांनी दोनदा हाक मारली. धोटा चालतच राहिला. मग ते म्हणाले, “मालक घरात आहेत आणि हरकत घेत नाहीत, म्हणजे आम्ही संमती धरतो, बाई.” बाबूलालनं चपला काढल्या.

वच्छलाबाई चौकटीला धरून उभी राहिली. तो गेला हे बोलायचं म्हणजे त्याला आपल्याच तोंडानं घराबाहेर काढायचं. न बोलावं तर त्याचा ताणा कापला जातो. 

“ते गेले,” ती म्हणाली. “तेरा महिने झाले. या घरात मी राहतो. अन् मी ‘नाही’ म्हणून राहिली.”

आत धोटा मधेच थांबला.

बाबूलालचा उंबरठ्यावरचा पाय मागे आला. “मंग अंदर कोन होतं?” त्यानं हळूच विचारलं.  केशवरावांनी कागदावरची नजर न उचलता तिचं नाव विचारलं. राहणार वच्छलाबाई, हरकत आहे, तार बाहेरून खांबावरून न्यावी, एवढं लिहिताना त्यांचा टाक दोनदा अडला.

ते गेल्यावर तिनं मागघर उघडलं. बाण्याची, म्हणजे आडव्या सुताची, कांडी विणण्याआधी पाण्यात भिजवून घेतात, नाहीतर सूत तुटतं. या घरात तेरा महिन्यांत एकही कांडी भिजली नव्हती. तिनं शेवटच्या धाग्यावर बोट ठेवलं. धागा ओला होता.

दुसऱ्या दिवशी बारा वाजले, माग बोलला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ती भाकरी करपेपर्यंत कान लावून बसली.

चौथ्या दिवशी तिनं अंघोळ केली, कांडी भरली, भिजवली आणि पाय खड्ड्यात सोडले. पावडीवर त्याच्या पावलाचा खळगा पडला होता. तिचं पाऊल त्यात लहान पडलं. तिनं दाबून पाहिलं.